नदीत मासे मेले: पहिल्या काही तासांत काय पाहायचं, काय भरून ठेवायचं

बंधाऱ्यामागे मेलेल्या माशांचा पांढरा खच दिसला की फोटो फिरतात, फोन जातात, आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास कुणीतरी येऊन पाण्याची एक बाटली भरून नेतं. काही दिवसांनी अहवाल येतो: प्राणवायू ठीक, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ठीक. अहवाल खोटा असतोच असं नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी भरलेल्या बाटलीचं ते खरं उत्तर असतं.

मासे वाहत्या पाण्याच्या एका लोटाने मरतात आणि तो लोट पुढे निघून जातो, म्हणून पंचनामा माशांच्या आधी पाण्याचा करावा लागतो. खाली दिलेली पद्धत पंचगंगा, कृष्णा, पवना, इंद्रायणी अशा बंधाऱ्यांनी अडवलेल्या, काठावर शहरं, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती असलेल्या नद्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कोकणातल्या लहान ओढ्यांनाही ती लागू पडते. तिथे फक्त सगळं अधिक लवकर घडतं.

आधी दोन फोन

पहिला फोन खालच्या बाजूच्या गावाच्या जॅकवेलला, म्हणजे नदीचं पाणी उपसणाऱ्या विहिरीवर. ज्या पाण्यात मासे टिकले नाहीत तेच पाणी काही तासांनी तिथल्या पंपात जाणार असतं, म्हणून उपसा थांबवायला सांगा. दुसरा फोन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. फोननंतर लगेच वेळ, ठिकाण आणि फोटो घालून ई-मेल करा, म्हणजे किती वाजता कळवलं याची नोंद राहते. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

काठावर पिशव्या घेऊन मासे गोळा करणारे असतातच. त्यांना थांबवा. नुसता प्राणवायू संपून मेलेला मासा आणि कीटकनाशकाने मेलेला मासा वरून पाहून वेगळा ओळखता येत नाही, आणि विषारी मासा शिजवला म्हणून निर्विष होत नाही. स्वतः नाल्याच्या बंद भागात, चेंबरमध्ये उतरू नका. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो वायू जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असा अंदाज तिथे जिवावर बेततो.

लोट आता कुठे असेल

सरळ पात्राचा वीस मीटरचा पट्टा मोजा, वरून एक लिंबू टाका, खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते पाहा. तीनदा करा. समजा सरासरी ५७ सेकंद आली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.३५ मीटर. तळाचं पाणी हळू चालतं म्हणून याला ०.८५ ने गुणा: ०.३० मीटर, म्हणजे तासाला साधारण एक किलोमीटर. मासे पहाटे तीनला मरायला लागले आणि तुम्ही नऊला पोचलात, तर मारणारं पाणी सहा किलोमीटर पुढे गेलं आहे. तुमच्या पायाशी आहे ते मागून आलेलं, कदाचित अगदी निर्मळ पाणी.

बंधाऱ्यामागे हिशेब उलटा होतो. पात्र ६० मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल आणि प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर असेल, तर पाणी तासाला फक्त १०० मीटर सरकतं, दिवसाला अडीच किलोमीटरही नाही. म्हणजे कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यामागे पुरावा एक-दोन दिवस थांबलेला असतो. मात्र कुणी बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले नाहीत तरच! मासे मेल्यावर ‘पाणी हलतं करायला’ बरगे काढायची घाई होते. जलसंपदा विभागाला ते करावंही लागेल, पण त्याआधी नमुने भरून घ्या.

माशांची जागाही फसवते. मेलेला मासा बहुधा आधी बुडतो आणि पोटात वायू धरल्यावर वर येतो. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं. म्हणून बंधाऱ्याला अडकलेला फुगलेला मासा कालचा असू शकतो, आणि मेला असेल तो दोन-तीन किलोमीटर वर. डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल असतील तर मासा ताजा. डोळे दुधी आणि कल्ले राखाडी झाले असतील तर शिळा. काठाने वरच्या दिशेला चालत राहा आणि दोन जागा नकाशावर टिपा: सगळ्यात वरचा मेलेला मासा, आणि त्याच्याही वर जिथे जिवंत मासळी नेहमीसारखी फिरते आहे ती जागा. या दोहोंच्या मध्ये कुठला ओढा, नाला, पाइप किंवा पूल आहे तो पाहा. पूल म्हटलं की टँकरच्या चाकांच्या खुणा, कठड्यावरचे ओघळ आणि खाली करपलेलं गवतही पाहायचं.

कोण मेलं आणि कोण जगलं

प्रयोगशाळेच्या आधी निम्मं निदान इथे होतं. मरळ, मागूर आणि शिंगी हे मासे वर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. रोहू, कटला, मृगळ यांना ते जमत नाही. रोहू-कटला मेले आणि मरळ-मागूर ठणठणीत असतील, तर प्राणवायू संपला असण्याची शक्यता मोठी. मरळसुद्धा उलटी झाली असेल, बेडूक, गोगलगायी, पाणकिडे सगळेच मेले असतील, तर विषाचा संशय घ्या.

आकार पाहा. प्राणवायू कमी पडतो तेव्हा सहसा मोठे मासे आधी जातात. विषात बहुतेक वेळा लहान मासळी आधी मरते. खेकडे आणि झिंगे मेले, पण मासे अजून कसेबसे जिवंत आहेत, असं दिसलं तर कीटकनाशक, विशेषतः सायपरमेथ्रिनच्या कुळातलं, मनात आणा.

वागणूक मरणाऱ्या माशातच दिसते, म्हणून व्हिडिओ काढा. पृष्ठभागावर तोंड काढून आ वासणं, ओढ्याच्या ताज्या पाण्याच्या तोंडाशी गर्दी करणं ही प्राणवायूच्या टंचाईची लक्षणं. गोल गोल फिरणं, झटके, काठावर उडी मारणं, पाठीचा कणा वाकणं आणि छातीचे पर पुढे ताणलेले असणं हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाकडे बोट दाखवतं.

मग कल्ल्याचं झाकण उचला. चॉकलेटी तपकिरी कल्ले दिसले तर नायट्राइट. मेल्यावरही भडक लाल राहिले तर सायनाइडचा संशय, आणि वर कुठे इलेक्ट्रोप्लेटिंगची कामं आहेत का ते शोधा. पांढरट चिकट थर असेल तर आम्ल, अल्कली किंवा दुसरं काही जळजळीत रसायन. गंजासारखा थर असेल तर लोह. ही चिन्हं ताज्या माशातच खरी. शिळ्या माशाचे कल्ले काहीही सांगतात.

एक शक्यता लोक विसरतात: कुणीतरी मुद्दाम मारलेले मासे. ब्लिचिंग पावडर, कीटकनाशक किंवा गेळफळासारखं झाडपाल्याचं विष टाकून डोह मारण्याचे प्रकार होतात. तिथे मृत्यू एकाच डोहात, ठरावीक पट्ट्यात असतो आणि वर सगळं आलबेल. जिलेटिनच्या स्फोटाने मारलेल्या माशाचं पोट फाडलं की आतला वायूकोश फुटलेला आणि रक्त साकळलेलं दिसतं.

प्राणवायू: सर्वात मोठा संशयित

३० अंश तापमानाला पाणी जास्तीत जास्त लिटरला ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. २० अंशांना ते ९ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये नदीची शिल्लक आधीच कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम हवेत. दोनच्या खाली गेलं की बहुतेक कार्प मासे संकटात येतात.

आता डिस्टिलरीचं स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, घ्या. उसाच्या मळीपासून निघालेल्या या द्रवाची बीओडी (तो कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम असते. १० हजार लिटरचा एक टँकर, बीओडी ४५ हजार धरली, तर त्याला ४५० किलो प्राणवायू लागतो. ७.५ मिलिग्रॅमने भरलेल्या ६० हजार घनमीटर नदीचा सगळा प्राणवायू एवढा होतो. वरच्याच ६० मीटर रुंद, ३ मीटर खोल पात्रात हे पाणी ३३० मीटर लांब भरेल. ही मागणी एका तासात नाही, काही दिवसांत वसूल होते आणि हवेतून थोडी भरपाईही होत राहते. पण मासा शून्याची वाट पाहत नाही. करपलेल्या गुळासारखा आंबूस वास आणि चहाच्या चोथ्यासारखा रंग असला, हंगाम गाळपाचा असला, की या दिशेने बघा.

दुसरा प्रकार कुणी काही न सोडताही घडतो. वळवाचा पहिला पाऊस येतो, शहरातल्या नाल्यांत महिनोन्‌महिने साठलेला काळा गाळ एका रात्रीत नदीत उतरतो आणि उरलासुरला प्राणवायू संपतो. किंवा बंधाऱ्याच्या तळाशी सडत असलेलं पाणी बरगे काढल्यावर खाली सुटतं आणि खालच्या बंधाऱ्यातले मासे मरतात. म्हणून जलसंपदा विभागाकडून कुठले बरगे कधी काढले याची नोंद मागा. जलपर्णीवर तणनाशक मारल्यावरही असंच होतं. तणनाशकाने मासा मेला नाही तरी एकदम मेलेली जलपर्णी सडताना प्राणवायू ओढते.

आता ती दुपारची बाटली. शेवाळ असलेल्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषण चालू असतं, त्यामुळे दुपारी दोनला प्राणवायू १० मिलिग्रॅमच्या वर दिसू शकतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं आणि सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात खाली असतो. दुपारचा चांगला आकडा रात्रीचं काहीच सांगत नाही. उलट दुपारी तो १२-१३ असेल तर पहाटेबद्दल काळजीच वाढते. मोजायचं ते सूर्योदयाच्या तासभर आधी, पृष्ठभागाला एकदा आणि तळाजवळ एकदा.

दोन बिनधोक नाले एकत्र आले की

अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं. पाण्यातला बराचसा अमोनिया अमोनियम या तुलनेने सौम्य रूपात असतो, मासा मारतो तो मुक्त अमोनिया. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मुक्त भाग अर्धा टक्का, ८ असेल तर साधारण ५ टक्के, आणि ९ असेल तर ३६ टक्के. शहराच्या सांडपाण्यात अमोनिया भरपूर असतो. कापड प्रक्रियेच्या पाण्यात कॉस्टिक सोड्यामुळे पीएच चढलेला असतो. दोघांचे नमुने वेगवेगळे तपासले तर एकट्यावर बोट ठेवणं अवघड, पण संगमाच्या खाली मासे मरतात. म्हणून अहवालात नुसता ‘अमोनियाकल नायट्रोजन’ पाहू नका. त्याच जागेचा, त्याच वेळेचा पीएच आणि तापमान नसेल तर त्या आकड्यातून काही कळत नाही. मत्स्यजीवनासाठी मुक्त अमोनियाची केंद्रीय मर्यादा लिटरला १.२ मिलिग्रॅम आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट. लाल-निळं पाणी बातमीत छान दिसतं, पण नुसत्या रंगाने सहसा मासे मरत नाहीत. रंगासोबत आलेली अल्कली, सल्फाइड, क्लोरीन मारतात. क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमही पुष्कळ झाला, आणि तो उन्हात लवकर उडून जातो, तेव्हा जागेवर मोजला नाही तर मिळणारच नाही.

बाटल्या: किती, कुठे, कशा

किमान चार जागा: मृत्यूच्या पट्ट्याच्या वर (स्वच्छ), संशयित नाल्याचं तोंड, पट्ट्याचा मध्य, आणि लिंबाच्या हिशेबाने लोट आत्ता जिथे असेल ती जागा. वेळ कमी असेल तर शेवटची जागा आधी गाठा, ती पळते आहे. नाल्याचं तोंड अनेकदा सकाळपर्यंत बंद झालेलं असतं. तरीही तिथला तळचा गाळ भरून घ्या, गाळ पळत नाही.

प्राणवायूसाठी ३०० मिलीची काचेची बीओडी बाटली लागते. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे ती आणि प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीची दोन्ही द्रावणं मिळतात. बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरा, बुडबुडा राहू देऊ नका. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून १ मिली मॅंगनस सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा, बूच लावा, उलटसुलट करा. साका (खाली बसणारा थर) तपकिरी आला तर प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढरा राहिला तर प्राणवायू शून्याच्या जवळ. ही बाटली काठावर सगळ्यांसमोर भरा आणि फोटो काढा. पांढरा साका समजायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. बाटली अंधारात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत टायट्रेशन (थेंबाथेंबाने मोजणी) करून घ्या.

तळाचं पाणी हवं असेल तर काचेच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, तळाजवळ सोडा आणि मग बूच ओढा. भरताना बुडबुडे होतात, म्हणून हा नमुना प्राणवायूसाठी नेमका नाही. अमोनिया आणि सल्फाइडसाठी चालतो.

बाकी बाटल्यांत गोंधळ होतो तो जतन करण्यात. सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची मागणी) आणि अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल, धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली येईपर्यंत. लिटरला साधारण २ मिली पुरतं, पण अल्कली पाण्यात जास्त लागतं, म्हणून पट्टीने तपासा. सायनाइडच्या बाटलीत उलट कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर न्यायचा. तिथे चुकून आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो, तेव्हा बाटल्यांवर आधीच खूण करून ठेवा. सल्फाइडसाठी झिंक ॲसिटेट आणि कॉस्टिक. कीटकनाशकासाठी तपकिरी काचेची बाटली, नदीच्या पाण्याने विसळायची नाही, प्लास्टिक मुळीच नको. बीओडीच्या बाटलीत काही घालायचं नाही. सगळ्या बाटल्या बर्फात ठेवा. मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी उत्तम. पीएच, तापमान आणि उरलेला क्लोरीन जागेवरच.

प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, मिनिटांसह वेळ, कुणी भरली. पेन्सिलने लिहा, शाई पुसली जाते.

मासेही घ्या, पण मरणपंथाला लागलेले, तीन ते पाच. वरच्या स्वच्छ भागातलेही दोन, तुलनेसाठी. कीटकनाशकासाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये आणि धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत गोठवा. रोगनिदानासाठी असेल तर गोठवू नका: कल्ल्याचा आणि यकृताचा लहान तुकडा त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये.

मोजणी आणि पंचनामा

‘हजारो मासे’ हा आकडा कुठेच टिकत नाही. काठाचे शंभर-शंभर मीटरचे पट्टे करा, दोन्ही काठांवर किमान तीन-तीन पट्ट्यांत जात आणि आकारानुसार मोजा, मग बाधित लांबीने गुणा. फोटोत पट्टी किंवा चप्पल ठेवा. तलाठी, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या उपस्थितीत पंचनामा करून घ्या. भोई समाजाच्या किंवा मच्छीमार संस्थेच्या नुकसानीचा दावा पुढे यावरच उभा राहतो.

कायद्यात एक खाच आहे. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेतला असेल तरच त्याचं पृथक्करण न्यायालयात पुरावा ठरतं. तुमच्या बाटल्यांचं काम अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य घटकांच्या तपासणीकडे नेणं हे आहे. लेखी मागणी करा: पहाटेचा प्राणवायू, मुक्त अमोनिया, आणि नाल्याच्या सांडपाण्याची जैवचाचणी. सर्वसाधारण मानकांप्रमाणे शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहायला हवेत. या चाचणीत एकेका रसायनाचं नाव माहीत असावं लागत नाही. मंडळ हललं नाही तर कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार करता येते. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जायला पाच वर्षांची मुदत आहे.

उशीर झाला असेल तर दगड उलथा

दोन दिवसांनी कळलं, पाणी निर्मळ, मासे पुरून टाकलेले. तरी सगळं संपलेलं नसतं. गुडघाभर खळाळत्या पाण्यातले मुठीएवढे दगड उचला आणि खालची बाजू पाहा. दोन-तीन शेपटीवाल्या चपट्या अळ्या आणि वाळूची नळी करून राहणारे किडे स्वच्छ पाण्यात दिसतात. त्यांना पोहून पळता येत नाही आणि मेल्यावर पुन्हा वस्ती व्हायला काही आठवडे लागतात. नाल्याच्या वर वीस दगड, खाली वीस दगड, दोन्हीकडे दगड आणि प्रवाह सारखाच निवडून. वर दर दगडाला चार-पाच किडे आणि खाली वीस दगडांत एकही नाही, असं निघालं तर तो नाला तुमच्या यादीत सगळ्यात वर येतो. खाली फक्त लाल रक्तकिडे वळवळत असतील, तर प्राणवायूची टंचाई एका रात्रीची नाही, ती तिथे कायमची आहे.